ओरॅकलमधून पोस्टग्रेसवर: पतसंस्थेच्या क्वेऱ्या बदलतानाच्या नोंदी

७ जुलै २०२५

काम असं आहे. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर ओरॅकल ११जी या डेटाबेसवर चालतंय, ते पोस्टग्रेस १६ या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचंय. टेबलं आणि डेटा हलवायचं दुसरी टीम बघतेय. माझ्याकडे फक्त क्वेऱ्या (डेटाबेसला विचारायचे प्रश्न), म्हणजे रिपोर्ट, व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेऱ्या) आणि जावाच्या कोडमध्ये स्ट्रिंगला स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडत बनवलेलं एसक्यूएल, म्हणजे क्वेरीची भाषा, आणि हे शेवटचं सगळ्यात डोकं खाणार आहे कारण अर्धी क्वेरी एका मेथडमध्ये, व्हेअर क्लॉज दुसऱ्याच फाइलमध्ये आणि ऑर्डर बाय स्क्रीनवरून येतोय.

ओरॅकलचं पोस्टग्रेसमध्ये बदलून देणारं ओरा-टू-पीजी चालवून बघितलं. पर्लमध्ये लिहिलेलं जुनं टूल आहे, स्कीमा (टेबलांची रचना) आणि पीएल-एसक्यूएलसाठी (ओरॅकलच्या आत लिहिलेले प्रोग्रॅम) त्याचा रिपोर्ट खरंच कामाचा, पण जावातल्या तुकड्या-तुकड्यांच्या स्ट्रिंगा त्याच्या हाती लागणार नाहीत, त्या ग्रेप मारून (फाइलींत शब्द शोधून) हातानेच गोळा करायच्या. शोधायचे शब्द लिहून ठेवले: एनव्हीएल, डीकोड, रोनम, सिसडेट, कनेक्ट बाय, मायनस, ड्युअल, सबस्ट्र, अ‍ॅड-मन्थ्स, आणि कंसातलं अधिक चिन्ह.

९ जुलै

सोपं सोपं उरकून घेतलं. एनव्हीएलचं कोअलेस, मायनसचं एक्सेप्ट, फ्रॉम ड्युअल सरळ उडवलं, सिक्वेन्सचं नेक्स्टव्हॅल फंक्शनसारखं लिहिलं. अपडेटमध्ये सेटच्या पुढे कॉलमला टेबलाचा अलियास लावलेला पोस्टग्रेसला चालत नाही, डिलीटला फ्रॉम लागतंच. हे सगळं बदलायचं राहिलं तरी टेन्शन नाही, क्वेरी रन केली की लगेच एरर येते.

फक्त जुन्या पद्धतीच्या आउटर जॉइनला, म्हणजे जोडीची ओळ नसली तरी मूळ ओळ ठेवणाऱ्या जोडणीला, थांबून बघावं लागतं. जॉइनच्या अटीवर अधिक चिन्ह असतं तसं साध्या अटीवरही असतं, उदा. वारसाच्या टेबलातलं स्टेटस चालू असेल तरच घ्या. ही अट लेफ्ट जॉइनच्या ऑनमध्येच गेली पाहिजे. चुकून व्हेअरमध्ये टाकली तर ज्यांचा वारस नोंदलेलाच नाही ते सभासद यादीतूनच गायब, आणि एररही नाही काही नाही. म्हणून अशा सगळ्या क्वेऱ्या हाताने, स्क्रिप्ट नको.

११ जुलै

ठेवींच्या व्याजाचा रिपोर्ट. टेस्टर मॅडमचा फोन आला की ९१ दिवसांच्या सगळ्या ठेवींवर व्याज शून्य दिसतंय.

कारण कळायला वेळ नाही लागला. फॉर्म्युला असा लिहिलाय की मुदतीची तारीख वजा ठेवीची तारीख, भागिले ३६५, आणि मग त्याला रक्कम आणि दर गुणलाय. ओरॅकलमध्ये दोन तारखांची वजाबाकी नंबर येते, त्यामुळे ९१ भागिले ३६५ म्हणजे ०.२४९ वगैरे. पोस्टग्रेसमध्ये दोन डेट वजा केल्या की इंटिजर (पूर्णांक) मिळतो, इंटिजरला इंटिजरने भागलं की उत्तरही इंटिजर, म्हणजे शून्य. १ लाख रुपये, ८ टक्के सरळव्याज, ९१ दिवस, यायला पाहिजेत १,९९४.५२, येतायत ०.

पण शून्य आलं हे नशीबच म्हणायचं, कारण शून्य कोणालाही दिसतं. तीच ठेव ४०० दिवसांची असेल तर ४०० भागिले ३६५ म्हणजे १, आणि व्याज येतं बरोब्बर ८,०००, खरं पाहिजे ८,७६७.१२. आता ८,००० हा आकडा बघून कोण शंका घेणारे? एक लाखाला आठ टक्के, आठ हजार, बरोबरच वाटतं. टेस्टिंगला फक्त वर्षाच्या वरच्या ठेवी घेतल्या असत्या तर हे तसंच पुढे गेलं असतं.

उपाय साधा, ३६५ च्या जागी ३६५.० लिहायचं किंवा न्यूमेरिकला (दशांश ठेवणारा टाइप) कास्ट करायचं, म्हणजे टाइप बदलायचा. पण जिथे जिथे भागाकार आहे तिथे तिथे दोन्ही बाजूंचा टाइप बघायला लागणार, कारण जुन्या नंबर कॉलमचे काही ठिकाणी इंटिजर केलेत डेटावाल्या टीमने (त्यांचंही बरोबर आहे, प्रत्येक गोष्टीला न्यूमेरिक ठेवलं तर जॉइन हळू होतात).

१२ जुलै

आजपासून पद्धत बदलली. क्वेरी एरर न देता चालली म्हणजे झाली, असं धरायचं नाही. जुन्यावर आणि नव्यावर एकाच दिवसाच्या डेटाची कॉपी, दोन्हीकडे तीच क्वेरी चालवायची, निकाल फाइलमध्ये काढायचा, सॉर्ट करून डिफ (दोन फाइलींतला फरक). एकही ओळ वेगळी निघाली तर तिचं कारण सापडेपर्यंत क्वेरी पेंडिंग. सीनियर म्हणाले वेळ लागेल, म्हटलं हो लागेल.

१४ जुलै

आज जे सापडलं ते बघून अंगावर काटा आला. खातेदाराला जो एसएमएस जातो त्यात खाते नंबराचे शेवटचे चार आकडे दाखवतात, आधी फुल्या आणि मग सबस्ट्र, सुरुवात उणे ४ पासून. ओरॅकलमध्ये उणे म्हणजे शेवटून मोजा. पोस्टग्रेसमध्येही सबस्ट्र आहे, नाव तेच, क्वेरी जशीच्या तशी चालते, त्यामुळे आमच्या बदलणाऱ्या स्क्रिप्टने तिला हात लावायचं कारणच नव्हतं. पण पोस्टग्रेसला उणे ४ म्हणजे स्ट्रिंग सुरू व्हायच्या आधीची जागा, तो तिथून मोजायला लागतो आणि शेवटपर्यंतची सगळी स्ट्रिंग देतो. म्हणजे एसएमएसमध्ये चार फुल्या आणि पुढे अख्खा खाते नंबर!

राइट फंक्शन वापरलं, खाते नंबर आणि ४, झालं काम. मग सबस्ट्रच्या सगळ्या जागा उघडून बघितल्या, कुठे कुठे सुरुवात व्हेरिएबलमधून येतेय आणि तो व्हेरिएबल उणे होऊ शकतो का ते. पॅन आणि आधार मास्क करणारी फंक्शनं याच पठडीतली निघाली, तीही बदलली.

१७ जुलै

पासबुक प्रिंटिंगमध्ये काही खातेदारांचं नावच येत नाही. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन कॉलम दोन उभ्या दांड्यांनी जोडलेत. ओरॅकलला नल (काहीच न भरलेली किंमत) जोडलं तर तो दुर्लक्ष करतो. पोस्टग्रेसमध्ये एक जरी तुकडा नल असला तर पूर्ण जोडणी नल. मधलं नाव न भरलेली जुनी खाती भरपूर आहेत, विशेषतः बायकांची, कारण वडिलांचं लिहायचं की नवऱ्याचं यावर काउंटरवर चर्चा होऊन शेवटी कॉलम रिकामाच ठेवलेला दिसतो. कॉन्कॅट-डब्ल्यूएस वापरलं, ते नल सोडून देतं आणि मधे एकच स्पेस ठेवतं. जुन्यात तिथे दोन स्पेस यायच्या म्हणून डिफमध्ये ही सगळी नावं वेगळी दिसली, तेवढं डिफच्या आधी स्पेस एक करून घेतलं.

याच्याच पोटात दुसरं दुखणं आहे, रिकामी स्ट्रिंग. ओरॅकलच्या दृष्टीने रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच. पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टी. आणलेल्या डेटात सगळीकडे नल आहेत ते ठीक, पण स्क्रीनवरून नवीन सभासद भरला आणि पॅनचा रकाना मोकळा सोडला की जावा रिकामी स्ट्रिंग पाठवतो, ती तशीच साठते, आणि मग पॅन नसलेल्यांची यादी काढणारी क्वेरी जुने सगळे दाखवते आणि नवीन एकही नाही. प्रत्येक क्वेरीत नल-इफ लावत बसण्यापेक्षा सेव्ह करायच्या लेयरमध्येच रिकामं ते नल करून टाकायचं ठरलं. शिवाय महत्त्वाच्या कॉलमवर चेक कन्स्ट्रेंट टाकायला सांगितलंय, म्हणजे कुठून आत घुसलंच तर तिथल्या तिथे ओरडेल.

१८ जुलै

डीकोड, म्हणजे किंमत अमुक असेल तर हे दे, नाहीतर ते. याच्या लेखी नल आणि नल समान. वारसाचा आयडी नल असेल तर 'नाही', नाहीतर 'आहे', असं डीकोड होतं, त्याचं सरळ केस-व्हेन-नल केलं तर ते कधीच जुळत नाही आणि संस्थेतल्या प्रत्येक सभासदाला वारस 'आहे'. इज नलने लिहिलं. जिथे दोन कॉलमांची तुलना आहे तिथे इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम, ते दोन्हीकडे नल असले तरी समान धरतं.

२२ जुलै

कर्जाच्या हप्त्यांचं वेळापत्रक. डिफमध्ये बहुतेक कर्जं जुळली आणि काही थोडी नाही, एवढं बघूनच वाटलं की हे महिनाअखेरीचं काहीतरी असणार.

ओरॅकलच्या अ‍ॅड-मन्थ्सची, म्हणजे तारखेत महिने मिळवणाऱ्या फंक्शनची, एक खोड आहे. दिलेली तारीख महिन्याचा शेवटचा दिवस असेल तर उत्तरही महिन्याचा शेवटचा दिवस. ३० एप्रिलमध्ये १ महिना मिळवला तर ३१ मे. पोस्टग्रेसमध्ये तारखेत १ महिन्याचा इंटरव्हल मिळवला तर ३० मे. फेब्रुवारीत जास्त गंमत, २८ फेब्रुवारी २०२५ ला वाटलेल्या कर्जाचे हप्ते ओरॅकलमध्ये ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे असे जातात आणि पोस्टग्रेसमध्ये सगळे २८ तारखेला. ३१ जानेवारीत १ महिना मिळवला तर मात्र दोघेही २८ फेब्रुवारीच म्हणतात, त्यामुळे 'महिनाअखेर तपासली' म्हणून कोणी ३१ चीच तारीख घेऊन टेस्ट केली तर काही सापडणार नाही.

कुठलं बरोबर हा वादच नाही इथे. कर्जदाराच्या हातात छापील वेळापत्रक आहे, त्यावर ३१ मे आहे, तर सिस्टिमलाही ३१ मेच म्हणायला पाहिजे, नाहीतर एका दिवसाचं व्याज आणि वर दंड. ओरॅफ्से या पोस्टग्रेसला जोडायच्या एक्स्टेन्शनमध्ये हे फंक्शन तयार मिळतं ओरॅकलसारखंच, पण एका फंक्शनसाठी सर्व्हरवर एक्स्टेन्शन नको असं डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणाला, म्हणून छोटं फंक्शन लिहिलं: आलेली तारीख महिन्याची शेवटची आहे का बघ, असेल तर उत्तर ज्या महिन्यात पडतं त्याच्या शेवटावर ढकल. आर्थिक वर्ष काढायला सगळीकडे अ‍ॅड-मन्थ्स उणे ३ वापरलंय, तिथेही हेच लावलं. खरं तर तिथे फरक पडत नाही, तिथून फक्त वर्षच घेतात, पण दोन पद्धती ठेवायला नको.

२४ जुलै

आज उलटी गंमत. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यांची यादी, नवीन सिस्टिममध्ये जास्त खाती येतायत. क्वेरीत शेवटचा भरणा आणि शेवटची उचल यातली मोठी तारीख ग्रेटेस्टने काढलीय. ज्या खात्यातून कधी पैसे काढलेच नाहीत तिथे उचलीची तारीख नल. ओरॅकलचं ग्रेटेस्ट एक जरी नल असलं तर नल देतं, नलची तुलना कुठेच खरी ठरत नाही, खातं यादीत येत नाही. पोस्टग्रेसचं ग्रेटेस्ट नल सोडून उरलेल्यातलं मोठं देतं. म्हणजे नवीन यादी बरोबर आहे आणि जुनी यादी इतकी वर्षं अपुरी होती!

तसंच मोठ्या थकबाकीदारांच्या रिपोर्टचं. रोनम (ओळीचा क्रमांक) १० पर्यंत आणि ऑर्डर बाय थकबाकी, एकाच सिलेक्टमध्ये. ओरॅकल रोनम सॉर्टच्या आधी लावतो, म्हणजे हाताला लागतील ते दहा उचलायचे आणि मग त्या दहांना उतरत्या क्रमाने लावायचं. लिमिट १० केलं की खरे मोठे दहा येतात. सभेपुढे जाणारा रिपोर्ट आहे हा.

अकाउंट्सच्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले आत्ता जुन्यासारखंच ठेवा, मायग्रेशनमुळे आकडे बदलले असं कोणी म्हणायला नको, नंतर वेगळं पत्र देऊन दुरुस्त करू. मला पटलं. त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये मुद्दाम ओरॅकलसारखं चुकीचं उत्तर देणारं केस लिहिलंय ग्रेटेस्टभोवती, वर कॉमेंटमध्ये कारण आणि तारीख. थकबाकीदारांचं मात्र जुन्यासारखं करताच येत नाही, ओरॅकलला कुठले दहा आधी सापडतील याला काही नियमच नाही, तिथे नवीनच ठेवायला त्यांनी होकार दिला.

२८ जुलै

ताळेबंद. मुख्य गट, उपगट, खातं अशी उतरंड आहे, कनेक्ट बाय प्रायर ने काढलेली, त्याचं विथ रिकर्सिव्ह केलं. लेव्हल हा आकडा आपणच एकेक वाढवत न्यायचा. ऑर्डर सिब्लिंग्ज बायला (एकाच गटाखालच्यांचा आपापसातला क्रम) थेट पर्याय नाही, प्रत्येक पायरीला कोड एका अ‍ॅरेत जोडत गेलो आणि शेवटी त्या अ‍ॅरेवर सॉर्ट, भांडवल, राखीव निधी, ठेवी आणि त्यांच्याखालची खाती बरोबर जागेवर आली. पोस्टग्रेस १४ पासून सर्च डेप्थ फर्स्ट असंही लिहिता येतं, पण अ‍ॅरे डोळ्यांना दिसतो, डीबग करायला बरा.

खरा अडकलो तो व्हेअरमध्ये. जुन्या क्वेरीत 'बंद नसलेली खाती' अशी अट आहे, आणि ओरॅकल ती अट पूर्ण झाड तयार झाल्यावर लावतो, म्हणजे एखादा उपगट बंद असला तर तो उपगट दिसत नाही पण त्याच्या खालची चालू खाती दिसतात. तीच अट रिकर्सिव्हच्या आत टाकली तर बंद उपगटापाशी चालणंच थांबतं, खालचं सगळं तुटतं, आणि देणी-येणी जुळत नाहीत. अट बाहेरच्या सिलेक्टमध्ये नेली, ताळेबंद पैशापैशाला जुळला.

३० जुलै

पिग्मी एजंटच्या मशीनमधून येणारी फाइल. एखादी पावती आधीच आलेली असेल तर इन्सर्ट एरर देतो, जावा ती एरर पकडून पुढची ओळ घेतो, अशी रचना. ओरॅकलमध्ये फक्त ते एक स्टेटमेंट मागे जातं. पोस्टग्रेसमध्ये एक एरर आली की पूर्ण ट्रान्झॅक्शनच (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारा कामांचा गट) गेलं, पुढच्या प्रत्येक ओळीला 'ट्रान्झॅक्शन अबॉर्टेड' एवढंच उत्तर. प्रत्येक ओळीला सेव्हपॉइंट लावता आला असता पण ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (आधीच असेल तर सोडून दे) जास्त स्वच्छ, किती ओळी खरंच गेल्या ते मोजून लॉगमध्ये टाकलं.

डे-एंडच्या (दिवसअखेरीचं काम) लॉगमध्ये पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकच वेळ दिसत होती, कारण सिसडेटचं नाऊ केलं होतं आणि नाऊ म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ. लॉगपुरतं क्लॉक-टाइमस्टॅम्प केलं. आणि डेटाबेसचा टाइमझोन आशिया-कोलकाता सेट करून घेतला, नवीन सर्व्हर यूटीसीवर होता, रात्री १२ नंतर पहाटे साडेपाचपर्यंत केलेला डे-एंड आदल्या तारखेला पडला असता.

४ ऑगस्ट

जुलैचं महिनाअखेर दोन्हीकडे समांतर चालवलं. ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर काही ठेवींना लागला नाही. जुन्या शाखेच्या फाइलीत जन्मसाल दोनच आकड्यांत आहे आणि क्वेरीत आरआर फॉरमॅट, तो पोस्टग्रेसला कळत नाही म्हणून वायवाय केलेला. ओरॅकलचा आरआर आत्ता ५० ते ९९ ला १९ शे धरतो. पोस्टग्रेसचा वायवाय २०२० ला जवळचं साल धरतो, म्हणजे ७० पासून पुढे १९ शे, ६९ पर्यंत २० शे. त्यामुळे १९५५ सालचे आजोबा २०५५ सालात जाऊन बसले, अजून जन्मालाच यायचेत.

जन्मतारीख आजच्या पुढची आली तर शंभर वर्षं वजा असं केलं. याने १९४८ वगैरे सालचे लोकही सुटले, ते तर ओरॅकलमध्येच २०४८ झालेले होते, शाखेत त्यांना दर हाताने बदलून देत होते म्हणे.

६ ऑगस्ट

सभासदांची मतदार यादी. ओरॅकलमध्ये बायनरी सॉर्ट होता, त्यात क्षीरसागर हे कोळीच्या नंतर आणि खरातच्या आधी, काळे हे कावळेच्या आधी, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व च्या मध्ये बसलाय. संस्थेची जुनी तक्रार होतीच. पोस्टग्रेसमध्ये आयसीयूचं (भाषेनुसार क्रम लावणारी लायब्ररी) मराठी कोलेशन (अक्षरक्रम) बनवून त्या एका क्वेरीला लावलं, ळ आणि क्ष ह च्या नंतर गेले, यादी बाराखडीप्रमाणे. हा बदल त्यांनी स्वतःहून मागून घेतला, इथे जुन्यासारखं ठेवायचा आग्रह नाही! डीबीएने फक्त बजावलं की आयसीयूचं व्हर्जन बदललं तर त्या कॉलमवरचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) परत बांधायचा.

जाता जाता, पत्त्याचा कॉलम जुन्यात ६० बाइटचा होता, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट, 'ज्ञानेश्वर' एवढा एक शब्द ३० बाइट खातो. म्हणून निम्म्या सभासदांचे पत्ते पेठेच्या नावातच तुटलेत. नवीन कॉलममध्ये ६० म्हणजे ६० खुणा, पुढचे पत्ते पूर्ण बसतील, तुटलेले मात्र केवायसीच्या वेळीच परत भरावे लागणार.

८ ऑगस्ट

उत्तरं जुळली, आता वेग. जुन्या क्वेऱ्यांतल्या इंडेक्सच्या हिंट पोस्टग्रेसला नुसत्या कॉमेंट वाटतात, काढून टाकल्या. व्यवहाराची वेळ डेटला कास्ट करून तुलना केलेली होती तिथे इंडेक्स वापरत नव्हता, त्या दिवसाच्या शून्य तासापासून पुढच्या दिवसाच्या शून्य तासाच्या आधीपर्यंत असं लिहिलं.

खातेउतारा तरीही रडत होता. एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालते ते दाखवणारा आदेश) बघितलं तर खाते नंबराचा इंडेक्स असूनही पूर्ण टेबल स्कॅन. कॉलम बिगइंट (मोठा पूर्णांक) आहे, जावा बिगडेसिमल पाठवतोय, ते न्यूमेरिक म्हणून येतं, आणि तुलनेसाठी पोस्टग्रेस कॉलमच न्यूमेरिक करून घेतो, मग इंडेक्स कसला वापरणार. सेट-बिगडेसिमलचं सेट-लाँग केलं आणि उतारा पटकन यायला लागला. बाकीच्या डाओ फाइलींमध्ये (डेटाबेसशी बोलणारा जावा कोड) हेच शोधायचंय सोमवारी.

उरलं ते ऑडिट लॉगचं ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन. व्यवहार रोलबॅक झाला तरी लॉग राहिला पाहिजे, आणि पोस्टग्रेसमध्ये तशी सोय नाही. डीबीए डीबीलिंक (डेटाबेसमधूनच दुसरं कनेक्शन उघडणारं एक्स्टेन्शन) म्हणतोय, मला वाटतं जावातून वेगळ्या कनेक्शनने लिहावं. मंगळवारी बसून ठरवू.